शेतात राबतो, मग व्यायाम कशाला? जाणून घ्या कोणत्या हालचालीने आयुष्य वाढतं

मुंबई : दिवसभर रानात राबल्यावर आणखी कसला व्यायाम, असं गावाकडे सर्रास म्हटलं जातं. लालबाग-परळच्या गिरण्यांत राबायला गेलेल्या कोकणातल्या आणि घाटावरच्या माणसांनाही हाच प्रश्न पडावा. प्रश्न काही चुकीचा नाही. पण सगळी मेहनत शरीराच्या खात्यात सारखी जमा होत नाही, हे गेल्या सत्तर वर्षांच्या अभ्यासांतून पुढे आलं आहे.

बसचा ड्रायव्हर आणि कंडक्टर

याची सुरुवात लंडनमध्ये झाली. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी तिथल्या दुमजली बसवरच्या कामगारांच्या आजारपणाच्या नोंदी तपासल्या आणि १९५३ साली निष्कर्ष छापले. दोघांची बस एकच, पण ड्रायव्हर पाळीभर बसून आणि कंडक्टर दिवसाला पाचशे-साडेसातशे पायऱ्या चढणारा. कंडक्टरांना हृदयविकार कमी आढळला, आणि झटक्यानंतर लवकर दगावण्याचं प्रमाण तर जवळपास निम्मं. पुढे मॉरिस यांनी गणवेशाची मापं पाहिली, तेव्हा ड्रायव्हरांच्या पँटी कमरेला मोठ्या निघाल्या. म्हणजे थोडा फरक आधीपासूनचाही असणार. स्वतः मॉरिस ९९ वर्षं जगले.

मुंबईत बेस्टची दुमजली बस १९३७ ला आली आणि जुन्या पद्धतीची शेवटची गाडी सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाली. तिच्या कंडक्टरलाही तोच जिना होता. गिरगावच्या तीन-चार मजली चाळींत लिफ्ट नसायची, त्यामुळे दूध-भाजी आणायला खाली उतरलं की परत चढणं आलंच. थोडा वेळ दम लागेल इतकं चढायचं, मग थांबायचं, हे हृदयाला मानवतं.

गिरणीतली मेहनत वेगळी

गिरणीत पाळीभर यंत्रांमधून उभ्याने फिरायचं. सूत तुटू नये म्हणून हवा दमट ठेवलेली, वर उकाडा आणि नाकातोंडात कापसाची धूळ. या धुळीने बिसिनोसिस नावाचा फुफ्फुसाचा आजार होतो. रात्रपाळी करून खोलीवर यावं तर एकाच गाळ्यात दहा-पंधरा जण पाळीपाळीने झोपणारे. अंगमेहनत भरपूर, पण विसावा कुठे?

२०१८ साली नेदरलँड्सच्या संशोधकांनी १७ अभ्यास एकत्र केले. त्यात १ लाख ९३ हजारांवर लोकांची माहिती होती. कामावर जड मेहनत करणाऱ्या पुरुषांत अकाली मृत्यूचा धोका हलकं काम करणाऱ्यांपेक्षा १८ टक्के जास्त दिसला. बायकांत तसं दिसलं नाही. मात्र नॉर्वेतल्या २०२१ च्या मोठ्या अभ्यासात शिक्षण, विडी-सिगारेट वगैरे गोष्टी हिशोबात धरल्यावर मेहनतीची कामं करणारे पुरुष उलट थोडं जास्त जगलेले आढळले. तज्ज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही. पण कारण समजण्यासारखं आहे. व्यायामात नाडी अर्धा तास चढते आणि मग उतरते. ओझ्याच्या कामात ती आणि रक्तदाब तासन् तास चढलेले राहतात, कंबर-गुडघे झिजतात, आणि थांबायचं कधी हे आपल्या हातात नसतं. शेतकऱ्याचं थोडं आणखी वेगळं. पेरणी-काढणीला जीव जाईस्तोवर काम, एरवी मळ्यात जायलाही मोटारसायकल.

खेळाचा हिशोब

डेन्मार्कमधल्या कोपनहेगन शहरात साडेआठ हजारांवर लोकांवर सुमारे २५ वर्षं लक्ष ठेवलं गेलं. काहीच न करणाऱ्यांच्या तुलनेत टेनिस खेळणारे ९.७ वर्षं जास्त जगले, बॅडमिंटनवाले ६.२, फुटबॉलवाले ४.७, सायकलवाले ३.७ आणि पोहणारे ३.४ वर्षं. जिमवाल्यांच्या वाट्याला फक्त दीड वर्ष. हे आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत. टेनिस परवडणारा माणूस बहुधा खाऊनपिऊन सुखी असतो. तरी एक गोष्ट लक्षात येते, वरचे तिन्ही खेळ एकट्याने खेळता येत नाहीत. सोबती वाट बघत असला की माणूस दांडी मारत नाही. गिरणगावात कबड्डीची मंडळं आणि व्यायामशाळा होत्या, त्यांचाही तोच फायदा.

किती चालायचं?

दहा हजार पावलांचं बंधन नाही. २०२२ साली १५ अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षानुसार साठीच्या पुढे ६ ते ८ हजार आणि त्याआधी ८ ते १० हजार पावलांपर्यंत फायदा वाढत जातो, नंतर फारसा नाही. दादरच्या शिवाजी पार्कची कट्ट्याकडेची फेरी एक किलोमीटरच्या थोडी वर भरते. म्हणजे म्हाताऱ्या माणसाला चार-पाच फेऱ्या पुरतात. घरात-अंगणात टाकलेली पावलंही यातच धरायची.

ताकद आणि तोल

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल सांगते, म्हणजे बोलता येईल पण गाता येणार नाही अशी. त्याबरोबर दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. हा दुसरा भाग लोक विसरतात. वय वाढलं की मांड्या-दंड आटतात, म्हातारपणी माणूस पडतो, खुब्याचं हाड मोडतं आणि अंथरूण धरतो. जोर-बैठका, सूर्यनमस्कार यासाठीच आहेत. शिवाजी पार्कवरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब शिकवतात. तिथले प्रशिक्षक उदय देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. मल्लखांबात ताकद आणि तोल दोन्ही लागतं. साठीत तो नव्याने सुरू करायला कुणी सांगणार नाही, पण खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं घरीच जमतं.

तोल तपासायची सोपी रीत म्हणजे भिंतीजवळ एका पायावर दहा सेकंद उभं राहणं. ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ लोकांची अशी चाचणी घेतली होती. ज्यांना जमलं नाही, त्यांच्यात पुढच्या वर्षांत मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त निघालं. चाचणी करताना शेजारी कुणीतरी असू द्यावं.

छातीत दुखणं, चालताना धाप लागणं, शुगर किंवा बीपी असेल तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवून घ्यावं. सुरुवात दहा मिनिटांच्या चालण्याने करावी. कापणीच्या दिवसांत जोर-बैठका बंद ठेवल्या तरी चालतं, तेव्हा झोप जास्त महत्त्वाची.