कोंबडीघरे, वऱ्हाडातील
अमरावती व अकोला जिल्ह्यांतील घरगुती कोंबड्यांच्या निवाऱ्याचे प्रकार व त्यांत होत गेलेले बदल. या निवाऱ्याची परंपरागत रचना प्रामुख्याने बाहेरच्या शत्रूंपासून रक्षण करण्यासाठी झाली. पुढे पक्ष्यांची जात व संख्या बदलली, तेव्हा दमटपणा, उष्मा व रोग हे आतले शत्रू अधिक घातक ठरू लागले. वऱ्हाडातील कोंबडीघराचा इतिहास हा मुख्यतः या बदलाचा इतिहास होय.

परंपरागत निवारे : यांत डालगे व खुराडे हे दोन प्रकार मुख्य होत. डालगे म्हणजे बांबूच्या कामट्यांची विणलेली घुमटाकार टोपली. पिले असलेली कोंबडी तिच्याखाली झाकून ठेवीत. यालाच ‘डालणे’ म्हणतात. खुराडे हे घराच्या भिंतीला लागून दगड, विटा व माती यांनी बांधीत. त्याचे दार लहान असे आणि रात्री ते फळीने वा दगडाने बंद करीत. मांजर, मुंगूस, कोल्हा, साप व चोर यांपासून ते पुरेसे संरक्षण देई. कोंबड्या दिवसभर उकिरड्यावर व परसात चरत असल्याने खुराड्याचा उपयोग रात्रीपुरताच होता. बांबू, माती, पऱ्हाट्या व तुराट्या ही सामग्री जवळच मिळत असल्याने रोख खर्च फारसा नसे. पाच-दहा कोंबड्यांचा हा व्यवहार बहुधा घरातील स्त्रीच्या हाती असे व अंड्यांचे पैसे तिच्या हातखर्चास येत.

बंद खुराड्याचे दोषही होते. कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा रात्री झाडाच्या फांदीवर बसतो. उंचावर बसण्याची ही सवय पाळीव कोंबडीतही टिकून आहे. खुराड्यात मात्र तिला ओल्या विष्ठेवर बसावे लागे. शिवाय मातीच्या भिंतीच्या भेगांत कोंबड्यांवरील गोचीड दिवसा दडून राहते व रात्री रक्त शोषते. ती अन्नावाचून कित्येक महिने जगू शकत असल्याने केवळ पक्षी बदलून तिचा उपद्रव थांबत नाही.

नवे बदल : दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत (१९५६–६१) देशात कुक्कुटविकासाचा कार्यक्रम सुरू झाला. त्या वेळी अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे जन्मलेले पंजाबराव देशमुख केंद्रीय कृषिमंत्री (१९५२–६२) होते. व्हाइट लेगहॉर्न, ऱ्होड आयलंड रेड यांसारख्या जातींचा प्रसार झाला. गावठी कोंबडीपेक्षा अंडी अधिक देणाऱ्या या जाती काळजी न घेतल्यास टिकत नाहीत; कोंदट खुराडे त्यांना मानवत नाही. राणीखेत (मानमोडी) या १९२७ साली भारतात प्रथम नोंदल्या गेलेल्या रोगाचा प्रसारही दाटीमुळे झपाट्याने होतो. व्यापारी कुक्कुटपालनात यामुळे गादी पद्धत व पुढे पिंजरा पद्धत रूढ झाली. तथापि शेड, जाळी व विकतचे खाद्य यांसाठी भांडवल लागत असल्याने मोठ्या प्रमाणावरील हा व्यवसाय परसातील स्त्रीच्या आवाक्याबाहेर गेला.

निवाऱ्याची निवड : वऱ्हाडात उन्हाळ्यात तापमान ४५° से. च्याही वर जाते. कोंबडीला घामग्रंथी नसल्याने ती मुख्यतः धापा टाकून शरीर थंड करते, ४०° से. च्या पुढे मृत्यूचा धोका वाढतो. यास्तव घराची लांबी पूर्व-पश्चिम ठेवून दोन्ही लांब बाजूंस जाळी बसवितात. कवेलू वा गवताचे छप्पर टिनाच्या पत्र्यापेक्षा थंड राहते. पत्राच घातल्यास त्यावर चुना लावणे वा पऱ्हाट्या पसरणे, जाळीवर ओले गोणपाट टांगणे व कडुनिंबाच्या सावलीचा लाभ घेणे हितावह असते. काळ्या कापसाच्या जमिनीत पावसाळी पाणी साचते, तसेच ती फुगत-आकसत असल्याने भिंतींना भेगा पडतात. म्हणून जोते किमान ३० सेंमी. उंच हवे. ओलसर गादीत रक्ती हगवणीचा प्रादुर्भाव होतो. त्यामुळे भुईमुगाची टरफले वा लाकडाचा भुसा यांची गादी वरचेवर हलवून कोरडी ठेवतात. दहा कोंबड्यांस सु. २ चौ. मी. जागा, प्रत्येकीस १५ ते २० सेंमी. दांडी व पाच कोंबड्यांमागे अंड्यांसाठी एक खोके पुरते.

महाराष्ट्रात नवापूर (जि. नंदुरबार) येथे २००६ साली बर्ड फ्ल्यूचा उद्रेक झाला, तेव्हा बाधित क्षेत्रातील घरगुती कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या. रानपक्ष्यांचा संपर्क टाळणारी जाळी ही तेव्हापासून केवळ सोयीची बाब राहिलेली नाही. खुराड्याची सुरक्षितता आणि गादीघराची हवा व कोरडेपणा यांचा मेळ घालणारे, बांबू व पऱ्हाट्यांचे जाळीदार घर अल्प खर्चात उभे राहते. परसातील कोंबडी व तीवर अवलंबून असलेली स्त्रीची मिळकत टिकविण्यास ते विशेष उपयुक्त आहे.