एकांकिका महोत्सव आणि पात्रनिवड : गावच्या नाट्यसंघासाठी

एकांकिका म्हणजे एकाच अंकात पूर्ण होणारे लहान नाटक. तिचा प्रयोग साधारणतः अर्ध्या तासापासून तासाभरापर्यंत चालतो. पात्रे मोजकी, नेपथ्य आटोपशीर आणि खर्च बेताचा असल्यामुळे हौशी कलावंतांना ती सोयीची ठरते. अनेक संघांच्या एकांकिका एकापाठोपाठ सादर होतात, तेव्हा त्यास एकांकिका महोत्सव किंवा स्पर्धा म्हणतात. अशा महोत्सवात उतरू इच्छिणाऱ्या गावच्या संघापुढे पहिला आणि सर्वांत नाजूक प्रश्न येतो तो पात्रनिवडीचा. प्रस्तुत लेखात आम्ही त्याचाच विचार करीत आहोत.

न्हावरे हे शिरूर तालुक्यातील गाव शिरूर-चौफुला रस्त्यावर वसले असून दौंड तालुका तेथून जवळच आहे. हा परिसर रंगमंचीय कलांना अपरिचित नाही. दौंड तालुक्यातील चौफुला तेथील कलाकेंद्रांमुळे सर्वांना ठाऊक आहे. जुन्नर तालुक्यातील नारायणगाव तर तमाशाची पंढरी म्हणूनच ओळखले जाते. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी आपल्या यात्रेसाठी फड ठरवून सुपारी देतात. तेथे गाव कलावंतांची निवड करते. गावचा स्वतःचा नाट्यसंघ उभा करायचा झाल्यास मात्र गावाला आपल्याच माणसांतून निवड करावी लागते. हे काम अधिक अवघड आहे, कारण ज्यास आज भूमिका नाकारली तो उद्या शेजारच्या बांधावर, दुकानात किंवा रविवारी मिस्साला भेटणारच असतो.

पुण्याचा अनुभव

विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगली येथे ‘सीता स्वयंवर’ सादर केले. तेव्हापासून मराठी रंगभूमीचा इतिहास सांगितला जातो आणि ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो. हौशी रंगभूमीला शासनाचा आधार १९५४ साली सुरू झालेल्या राज्य नाट्य स्पर्धेमुळे मिळाला. एकांकिकेच्या बाबतीत पुणे जिल्ह्याचा मोठा ठेवा म्हणजे पुरुषोत्तम करंडक. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ पासून चालविलेल्या या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत विद्यार्थीच अभिनय व दिग्दर्शन करतात. डॉ. जब्बार पटेल, डॉ. मोहन आगाशे आणि सतीश आळेकर यांच्यासारखे रंगकर्मी आपल्या विद्यार्थिदशेत या स्पर्धेशी जोडले गेले होते. २०१४ साली सुरू झालेल्या ‘लोकसत्ता लोकांकिका’ स्पर्धेने निरनिराळ्या शहरांतील महाविद्यालयांना अशीच संधी दिली.

या स्पर्धांमधील एक घटना आवर्जून सांगण्यासारखी आहे. २०२२ साली पुरुषोत्तम करंडकाच्या परीक्षकांनी एकही संघ करंडकास पात्र नसल्याचा निर्णय दिला. रोख पारितोषिके मात्र दिली गेली. या निर्णयावर पुष्कळ चर्चा झाली. निवड करणाऱ्याने कसोटी उंच ठेवावी, की होतकरूंना उत्तेजन द्यावे, हाच त्या चर्चेचा गाभा होता. गावच्या संघप्रमुखासमोरही लहान प्रमाणात हाच प्रश्न उभा असतो. आमच्या मते स्पर्धेतील निवड आणि गावातील निवड यांत एक मूलभूत फरक आहे. स्पर्धा संपली की परीक्षक व संघ आपापल्या वाटेने जातात. गावचा संघ मात्र निवडीनंतरही एकत्रच राहावयाचा असतो.

निवडचाचणीपूर्वी

प्रथम संहिता निश्चित करावी. आधी माणसे निवडून मग त्यांच्यासाठी नाटक शोधत बसल्यास मानापमानाचे प्रसंग वाढतात. लेखकाची परवानगी घ्यावी. सार्वजनिक प्रयोगापूर्वी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र मिळवावे लागते, यासाठीही पुरेसा अवधी हाती ठेवावा. त्यानंतर चाचणीचा दिवस, वेळ, पात्रांची यादी आणि तालमींचे वेळापत्रक सर्वांना दिसेल अशा ठिकाणी लावावे. उसाची तोड, कांद्याची काढणी किंवा परीक्षांचे दिवस पाहूनच वेळ ठरवावी. दोन महिने रोज सायंकाळी येणे ज्यास शक्य नाही, त्याला हे चाचणीपूर्वीच कळलेले बरे.

चाचणी कशी घ्यावी

चाचणी तीन टप्प्यांत घेणे सोयीचे पडते. पहिला टप्पा वाचनाचा. उमेदवारास उतारा आधी देऊन दहा मिनिटे वाचू द्यावा. केवळ अडखळला म्हणून कोणास बाद करू नये. दुसरा टप्पा आवाज व हालचालीचा. उमेदवारास रंगमंचावर उभे करून शेवटच्या रांगेत एकास बसवावे आणि शब्द तेथवर पोहोचतात का ते पाहावे. तिसरा टप्पा जोडीने प्रसंग करण्याचा. समोरच्याचे बोलणे जो लक्षपूर्वक ऐकतो तो बहुधा चांगला नट होतो, आणि हे एकट्याच्या भाषणातून कळत नाही.

येथे भाषेचा मुद्दा येतो. प्रमाण मराठी सफाईने बोलणारा उमेदवार चाचणीत चटकन डोळ्यांत भरतो. संहिता ग्रामीण असेल तर घरची बोली सहज बोलणारा अधिक उपयोगी पडतो. म्हणून एक प्रसंग ज्याच्या त्याच्या बोलीत करून घ्यावा.

आपल्या समाजास या कामाची थोडी पूर्वतयारी आहे, असे आम्हांस वाटते. झावळ्यांच्या रविवारी आणि शुभ शुक्रवारी प्रभूच्या दुःखसहनाचा वृत्तांत निवेदक, ख्रिस्त व इतर पात्रे अशी वाटणी करून वाचला जातो. मिस्सामध्ये वाचन करणाऱ्यांस शब्द सावकाश, स्पष्ट आणि अर्थ जाणून उच्चारण्याची सवय असते. नाट्यसंघास असे वाचक हे सहज सापडणारे भांडवल होय.

स्त्रिया आणि निवडसमिती

यात्रेतील नाटकांत पूर्वी पुरुषच स्त्रीभूमिका करीत. पुढे अनेक गावांत मानधन देऊन शहरातून नट्या आणण्याची पद्धत पडली. गावातील मुलींना व गृहिणींना मात्र प्रेक्षकांतच बसावे लागे. आता हे बदलावयाचे तर केवळ ‘स्त्रियांनीही यावे’ असे लिहून भागत नाही. तालमीची वेळ लवकरची असावी, परतीच्या सोबतीची व्यवस्था असावी आणि निवडसमितीत निदान एक स्त्री असावी. समितीत तीन जण पुरेत. त्यांपैकी एक गावाबाहेरचा जाणकार असल्यास नातेसंबंधांचा दाब कमी होतो. ज्याचा मुलगा, मुलगी किंवा भाऊ चाचणी देत असेल त्याने त्या वेळी गुण देऊ नयेत.

ज्यांची निवड झाली नाही त्यांचे काय?

खरी कसोटी येथेच आहे. नाव यादीत नाही एवढेच ज्यास कळते तो सहसा पुन्हा चाचणीस येत नाही. म्हणून संघप्रमुखाने प्रत्येकास स्वतः भेटून कारण सांगावे आणि पुढचे काम सुचवावे. एकांकिकेत पाच जण रंगमंचावर असतील तर नेपथ्य, प्रकाशयोजना, पार्श्वसंगीत, वेशभूषा, रंगभूषा आणि प्रॉम्प्टिंग यांसाठी तितकेच हात पडद्यामागे लागतात. प्रमुख भूमिकांसाठी पर्यायी नट तयार ठेवणेही शहाणपणाचे असते.

याचे जगप्रसिद्ध उदाहरण जर्मनीतील बव्हेरिया प्रांतातील ओबरआमरगाव होय. १६३३ साली प्लेगच्या साथीत त्या गावाने नवस केला आणि १६३४ पासून गावकरी प्रभूच्या दुःखसहनाचे नाटक करीत आले आहेत. ते साधारणतः दर दहा वर्षांनी होते. कोरोनामुळे २०२० चा प्रयोग २०२२ साली झाला. तेथे जन्मलेला किंवा वीस वर्षे राहिलेला रहिवासीच त्यात भाग घेऊ शकतो. प्रमुख भूमिकांसाठी दोन-दोन नट निवडले जातात आणि निवडलेल्यांची नावे सर्वांसमोर फळ्यावर लिहिली जातात. १९९० पूर्वी विवाहित स्त्रियांना तेथे भूमिका मिळत नसे. न्यायालयाच्या निर्णयानंतर तो निर्बंध दूर झाला. सुमारे पाच हजार वस्तीच्या त्या गावात हजाराहून अधिक लोक या नाटकात गुंतलेले असतात.

ओबरआमरगावचा व्याप न्हावऱ्यासारख्या गावास झेपणारा नाही, पण त्यामागची रीत स्वीकारता येण्याजोगी आहे. नियम आधी जाहीर करावेत, निवड उघडपणे करावी आणि येणाऱ्या प्रत्येकास काही ना काही काम द्यावे. करंडक मिळो वा न मिळो, पुढच्या वर्षीच्या चाचणीस यंदा वगळलेली माणसे पुन्हा आली, तर संघाची निवड योग्य झाली असे खुशाल समजावे.