चॅन, जॅकी
(७ एप्रिल १९५४ – ). हाँगकाँगचे चित्रपट-अभिनेते, दिग्दर्शक व कुंग-फूपटू. मूळ नाव चॅन काँग-सांग. बालपणी यू जिम-युएन यांच्या संगीतनाट्य-शाळेत त्यांनी कोलांट्या, शस्त्रकला व गायन यांचे कठोर शिक्षण घेतले. ‘सेव्हन लिटल फॉर्च्यून्स’ या बालकलाकारांच्या चमूतून ते रंगमंचावर आले. ‘ड्रंकन मास्टर’ (१९७८) या चित्रपटाने त्यांना तारेपद मिळवून दिले. झुंजीत विनोद मिसळणारी त्यांची शैली बालपणीच्या त्या संगीतनाट्य-रंगभूमीची देणगी होय.

जिवावरच्या कसरती ते बहुधा स्वतःच करीत. ‘प्रोजेक्ट ए’मध्ये (१९८३) घड्याळाच्या काट्याला लोंबकळून, वाटेतले कापडी छत फाडत ते थेट जमिनीवर कोसळतात. ‘पोलीस स्टोरी’त (१९८५) दिव्यांच्या माळांनी वेढलेल्या खांबावरून ते बहुमजली दुकानसंकुलात सरसर घसरले; तापलेल्या दिव्यांनी तळहात भाजले, पाठीच्या मणक्यांना व कटीलाही इजा झाली. ‘आर्मर ऑफ गॉड’च्या (१९८६) चित्रीकरणात, युगोस्लाव्हियात, झाडाची फांदी मोडून डोके खडकावर आपटले व कवटी फुटली. शस्त्रक्रियेनंतर ते बचावले, पण एका कानाची श्रवणशक्ती उणावली. फसलेले प्रयत्न ते चित्रपटाच्या शेवटी आवर्जून दाखवतात. प्रेक्षकाला कष्टांची खरी किंमत कळते ती तिथेच. २०१६ मध्ये त्यांना मानद ऑस्कर प्रदान करण्यात आले.