छातीत ऐकू येणारे पोट

आमच्या आजोबांचा मिरजेत टांगा होता. त्यांची घोडी व्याली त्या पावसाळ्यात मी आठ वर्षांचा होतो. शिंगरू सुखरूप होते. पण तिसऱ्या दिवशी घोडीने चंदीला तोंड लावले नाही. पुढच्या पायाने जमीन उकरू लागली, मान वळवून कुशीकडे पाहू लागली. ओवा-हिंग पाजून झाले, नजर उतरवून झाली. मी तिच्या बरगड्यांना कान लावला, तर आत पाण्याची घागर हिंदकळावी तसा आवाज. पोट वाजतंय, असे मी म्हणालो. आजोबा म्हणाले, "आरं, छातीला कान लावलायस तू. पोट मागं ऱ्हातंय." पहाटे ती गेली. घरात तिच्या मरणाचे कारण म्हणून एकच शब्द उरला : पोटशूळ.

पुढे पशुवैद्यकाचा इतिहास वाचताना श्वासपटलाच्या अंतर्गळाची वर्णने समोर आली आणि तो आवाज पुन्हा आठवला. छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा म्हणजे श्वासपटल. घोड्यात तो उभा नसतो. पाठीकडून पुढे खाली असा तिरका, घुमटासारखा छातीत शिरलेला असतो. पडल्याने, धडक बसल्याने किंवा विताना दिलेल्या कळांच्या जोराने तो फाटला, की आतडी छातीत सरकतात. काही शिंगरे जन्मतःच भोक घेऊन येतात आणि वर्षानुवर्षे धावतातही. मग एखाद्या दिवशी आतड्याचे वेटोळे त्या भोकात अडकते, त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि शूळ उठतो. एकीकडे पोटदुखी, दुसरीकडे धाप.

हा आजार जुना असणारच; त्याचे निदान मात्र फार उशिराचे. आपल्याकडे अश्ववैद्याला ‘सालोत्री’ म्हणत, तो शब्द शालिहोत्राच्या नावावरून आला. शालिहोत्र परंपरेत शूळावर पुष्कळ लिहिले गेले आहे. जयदत्ताच्या ‘अश्ववैद्यका’सारखे ग्रंथ लक्षणे बारकाईने टिपतात : घोडा कसा लोळतो, लीद कशी टाकतो, घाम कुठे येतो. पण शूळ बाहेरून पाहायचा होता. फाटलेला पडदा दिसायला घोडा मरावा लागतो, आणि मेल्यावर कोणीतरी तो उघडावा लागतो. उघडणार कोण, आणि कोणाचा घोडा?

युरोपात हे काम शाळांनी अंगावर घेतले. ल्योंची पशुवैद्यक शाळा १७६१ च्या राजाज्ञेने निघाली. गंमत अशी, की त्याच वर्षी व्हिएन्नाच्या औएनब्रुगरने छातीवर बोटांनी ठोकून आतले ओळखण्याची रीत छापली. खाणावळवाल्याचा मुलगा तो, पिंपे ठोकून भरले-रिकामे ओळखण्याची सवय घरचीच. आपल्याकडे पुण्यात १८६२ मध्ये लष्करी पशुवैद्यक शाळा आली, ती घोडदळासाठी. १८८६ मध्ये परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयाच्या आवारात मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. तेव्हा मुंबईत ट्राम घोडेच ओढत. १८७४ पासून १९०५ पर्यंत त्यांनी ती ओढली. घोड्याच्या आतल्या भागांविषयीचे कुतूहल त्याच्या किमतीबरोबर वाढत गेले, असे माझे मत आहे. ते कोणाला कडू वाटेल.

शवविच्छेदनात पडदा दिसू लागला तरी जिवंत घोड्याचा उपाय पुढे सरकला नाही. १८४७ मध्ये घोड्यांवर ईथरचे प्रयोग झाले, क्लोरोफॉर्मही लगेच आला. मग अडले कुठे? श्वासावर. पोट चिरले, की बाहेरची हवा त्या भोकातून छातीत शिरते आणि फुप्फुसे मिटतात. त्यात पाच-सहाशे किलोचे जनावर उताणे; आतड्यांचे ओझे फुप्फुसांवर. माणसांसाठी साउअरब्रुखने ब्रेस्लाउला १९०४ मध्ये कमी दाबाची पेटी केली : रुग्णाचे धड आत, डोके बाहेर. घोड्यासाठी अशी पेटी म्हणजे खोलीच बांधावी लागली असती. वाट निघाली ती उलट बाजूने, श्वासनलिकेतून हवा आत ढकलण्याची. १९५२ च्या कोपनहेगनच्या पोलिओ साथीत वैद्यकीचे विद्यार्थी पाळीपाळीने पिशव्या दाबून रुग्णांना श्वास देत बसले. १९५६ पासून हॅलोथेन वापरात आले. त्यानंतरच्या दोन दशकांत मोठ्या जनावरांसाठी श्वासयंत्रे आली आणि शूळावरची शस्त्रक्रिया हा जुगार न राहता शास्त्र झाले.

तरी ही शस्त्रक्रिया अजून अवघडच. टेबल तिरके करून डोक्याकडची बाजू उंच करतात, म्हणजे आतडी मागे घसरतात. ती ओढून काढायची, मेलेला तुकडा कापायचा, भोक टाक्यांनी किंवा जाळी लावून बुजवायचे. भोक वर पाठीकडे असेल तर पोटातून हात पोचत नाही. वाचणारे घोडे कमीच. निदानासाठी आता सोनोग्राफी आहे, हृदयाशेजारी आतडे हलताना दिसते. तपासणाऱ्याचा हात गुदमार्गाने आत गेला आणि पोट नको इतके रिकामे लागले, तर तोही इशारा असतो.

आणि माझी घागर? तो पुरावा टिकत नाही. पडदा छातीत इतका पुढे शिरलेला असतो, की निरोगी घोड्याच्याही बरगड्यांवर आतड्यांची गुरगुर ऐकू येते. त्या बाजूला फुप्फुसाचा आवाज बुडाला होता का, ठोकल्यावर बद्द वाजत होते का, हे विचारायला हवे होते. ते विचारणारा आमच्या तबेल्यात कोणी नव्हता. आजोबांचे वाक्य शरीररचनेच्या दृष्टीने अर्धे चुकीचे होते, आणि माझे निदानही सिद्ध होत नाही.

या साऱ्या इतिहासात गाढव जवळजवळ नाहीच. शूळ उठलेला घोडा लोळतो, घामाने निथळतो. गाढव नुसते मान खाली घालून उभे राहते. त्याची मंदी हीच त्याची बोंब. शिवाय ते खायचे थांबले, की अंगातली चरबी रक्तात उतरते आणि मूळ दुखण्याआधी त्यानेच मरू शकते. म्हणजे घोड्यापेक्षा वेळ कमी आणि खूणही कमी. गाढवांसाठी वेगळा विचार इंग्लंडमध्ये १९६९ च्या डॉन्की सँक्च्युअरीनंतर नेटाने होऊ लागला. आपल्याकडे २०१२ आणि २०१९ च्या पशुगणनांमध्ये देशातली गाढवे सुमारे ६१ टक्क्यांनी घटली.

गेल्या पौष पौर्णिमेला मी जेजुरीच्या गाढवांच्या बाजारात गेलो होतो. दात पाहून दुवान, चौवान, अखंड जवान असे भाव ठरत होते. एका विक्रेत्याला विचारले, गाढव आतून दुखावले तर कळते कसे? त्याने माझ्याकडे नीट पाहिले. "उठत न्हाई तवा कळतंय," म्हणाला, आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी त्या जनावराचा ओठ वर केला.