करोशी

करोशी म्हणजे दीर्घकाळच्या अतिश्रमामुळे आणि कामाच्या ताणामुळे ओढवणारा मृत्यू. हा जपानी शब्द असून त्यातील 'का' म्हणजे अति, 'रो' म्हणजे श्रम आणि 'शी' म्हणजे मृत्यू. मेंदूतील रक्तस्राव, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका आणि अचानक हृदय बंद पडणे ही अशा मृत्यूची नेहमीची वैद्यकीय कारणे आहेत. मृत्यूच्या दाखल्यावर यांपैकीच एखादे कारण नोंदले जाते. 'करोशी' असे लिहिले जात नाही. त्यामुळे करोशी हे रोगाचे नाव नसून रोग आणि काम यांच्यातील कार्यकारणसंबंधाला दिलेले सामाजिक व कायदेशीर नाव आहे. कामाच्या ताणातून आलेल्या मानसिक आजारामुळे होणाऱ्या आत्महत्येस जपानीत 'करोजिसात्सू' म्हणतात.

इतिहास

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानची अर्थव्यवस्था वेगाने वाढली. एकाच कंपनीत निवृत्तीपर्यंत नोकरी आणि त्या बदल्यात कंपनीशी संपूर्ण निष्ठा, असा अलिखित करार या काळात रुजला. १९६९ मध्ये एका मोठ्या वृत्तपत्राच्या पाठवणी विभागात काम करणारा २९ वर्षांचा विवाहित कर्मचारी पक्षाघाताने मरण पावला. अतिश्रमाने झालेला मृत्यू म्हणून नोंदले गेलेले हे पहिले प्रकरण मानले जाते. पुढे तेत्सुनोजो उएहाता या वैद्यकाने १९७० च्या दशकात अशी अनेक प्रकरणे एकत्र तपासली. १९८२ मध्ये त्याने आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी 'करोशी' याच नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले आणि हा शब्द रूढ झाला.

१९८८ मध्ये जपानी वकिलांनी पीडित कुटुंबांसाठी दूरध्वनीवरून सल्ला देणारी सेवा सुरू केली. मदत मागणाऱ्यांमध्ये मृतांच्या पत्नी मोठ्या संख्येने होत्या. नवरा किती तास काम करत होता हे घरच्यांना ठाऊक असे, पण ते कागदावर कोठेच नसे. जपानी कार्यालयांत नोंद न होणाऱ्या व बिनपगारी जादा कामाची जुनी प्रथा आहे. तिला तेथे 'साबिसू झांग्यो', म्हणजे सेवा म्हणून केलेले जादा काम, असे म्हणतात. भरपाई मागताना तासांचा पुरावा दाखवावा लागे आणि हजेरीपटावर मात्र कर्मचारी वेळेवर घरी गेलेला असे. म्हणून कुटुंबे आणि वकील संगणक सुरू व बंद झाल्याच्या नोंदी, इमारतीच्या प्रवेशद्वारावरील नोंदी, रोजनिशी आणि घरी पाठवलेले निरोप यांवरून मृताचे शेवटचे महिने तासातासाने जुळवत असत. करोशीच्या लढ्याचा मोठा भाग प्रत्यक्षात या हिशेबातच गेला आहे.

शरीरावर होणारा परिणाम

धोका समोर दिसताच शरीर लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी सज्ज होते, हे अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन याने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवले. १९३६ मध्ये हान्स सेल्ये याने उंदरांवरील प्रयोगांतून असे मांडले की, थंडी, जखम, विष अशा परस्परांहून अगदी भिन्न आघातांना शरीर एकाच साचाचा प्रतिसाद देते. त्याने या प्रतिसादाचे इशारा, प्रतिकार आणि थकवा असे तीन टप्पे सांगितले. पदार्थविज्ञानातील 'स्ट्रेस' हा शब्द वैद्यकात रूढ होण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यालाच दिले जाते.

ताणाच्या वेळी दोन यंत्रणा कामाला लागतात. अनुकंपी चेतासंस्था अधिवृक्क ग्रंथींतून ॲड्रेनलिन स्रवण्यास भाग पाडते; त्यामुळे काही क्षणांतच नाडी व रक्तदाब वाढतात. दुसरी यंत्रणा सावकाश चालते. मेंदूतील हायपोथॅलॅमस पीयूषिका ग्रंथीला आणि पीयूषिका अधिवृक्क ग्रंथींना संदेश देते, व कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तात येते. कॉर्टिसॉल यकृतातून साखर उपलब्ध करून देते, दाह आवरते आणि तातडीची नसलेली कामे पुढे ढकलते. धोका टळला की वाढलेले कॉर्टिसॉलच मेंदूला थांबण्याची खूण देते. ही योजना मिनिटांच्या किंवा तासांच्या संकटासाठी उत्तम आहे. महिनोन्महिने चालणाऱ्या कामाच्या दडपणाला मात्र ती लागू पडत नाही, कारण तेथे धोका टळण्याचा क्षणच येत नाही.

१९९३ मध्ये ब्रूस मॅकइवन आणि इलियट स्टेलर यांनी या झिजेला 'ॲलोस्टॅटिक लोड' असे नाव दिले. परिस्थितीशी जुळवून घेण्याची किंमत शरीर थोडी थोडी मोजत असते आणि ती साचत जाते, असा या संकल्पनेचा आशय आहे. रक्तदाब, कमरेचा घेर, रक्तातील साखर, कोलेस्टेरॉल, कॉर्टिसॉल अशी अनेक मापे एकत्र घेऊन हा भार अजमावला जातो. यांतील प्रत्येक माप एकेकटे पाहिले तर सामान्य मर्यादेच्या जरासेच वर असू शकते. म्हणूनच नेहमीच्या तपासणीत ते सहज नजरेतून सुटते.

रक्तवाहिन्यांवरील परिणाम सर्वांत घातक असतो. निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री झोपेत साधारण १० ते २० टक्के उतरतो. झोप अपुरी असली किंवा ताण रात्रीही ओसरला नाही, तर ही उतरण कमी होते आणि धमन्यांना विश्रांती मिळत नाही. सतत वाढलेल्या दाबाने धमन्यांचे अस्तर दुखावते, तेथे मेदाचे थर साचतात आणि दाह सुरू होतो. असा थर फुटून गुठळी झाली की हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येतो. कॉर्टिसॉल दीर्घकाळ चढे राहिल्यास पोटाभोवती चरबी वाढते व इन्सुलिनचा प्रभाव घटतो. त्यात उशिराचे जेवण, धूम्रपान, मद्य आणि व्यायामाचा अभाव यांची भर पडते. ताणाचा थेट परिणाम किती आणि त्यातून लागलेल्या सवयींचा किती, हे वेगळे काढणे अवघड आहे.

रोगप्रतिकारशक्तीवरील परिणाम प्रयोगांत स्पष्ट दिसले आहेत. १९९१ मध्ये शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीचे विषाणू सोडले, तेव्हा ताण जास्त असलेल्यांना सर्दी होण्याचे प्रमाण अधिक आढळले. १९९५ मध्ये जॅनिस किकोल्ट-ग्लेझर आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांच्या त्वचेवर लहानशी जखम केली. तुलनेसाठी घेतलेल्या स्त्रियांपेक्षा त्यांची जखम भरून येण्यास सरासरी सुमारे नऊ दिवस अधिक लागले. अतिश्रम म्हणजे केवळ पगारी नोकरीतील श्रम नव्हे, याचीही आठवण हा अभ्यास देतो.

तास आणि धोका

२०१५ मध्ये मिका किविमाकी आणि सहकाऱ्यांनी सहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांमध्ये, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३३ टक्के व हृद्धमनीविकाराचा १३ टक्के अधिक आढळला. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांच्या २०२१ मधील संयुक्त अंदाजानुसार, २०१६ या एका वर्षात दीर्घ कामाच्या तासांमुळे जगात ७ लाख ४५ हजार मृत्यू झाले. त्यांपैकी ३ लाख ९८ हजार पक्षाघाताने आणि ३ लाख ४७ हजार हृद्धमनीविकाराने झाले. हे आकडे गणिती प्रतिरूपातून काढलेले आहेत, प्रत्यक्ष मोजलेले नाहीत; ते वाचताना हा फरक ध्यानात घ्यावा लागतो.

केवळ तास मोजून सगळे कळत नाही. रॉबर्ट कॅरासेक याने १९७९ मध्ये मांडलेल्या प्रतिरूपानुसार, कामाची मागणी जास्त आणि कामावरील स्वतःचा ताबा कमी असेल तेव्हा ताण सर्वाधिक असतो. ब्रिटनमधील सरकारी नोकरांच्या 'व्हाइटहॉल' अभ्यासांत वरिष्ठ अधिकाऱ्यांपेक्षा खालच्या श्रेणीतील कर्मचाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू जास्त आढळले. हृदयविकार हा साहेबांचा आजार आहे, हा सर्वसाधारण समज त्यामुळे खोटा ठरला.

कायदेशीर निकष

जपानमध्ये डिसेंबर २००१ मध्ये भरपाईचे निकष बदलण्यात आले. आजार सुरू होण्यापूर्वीच्या एका महिन्यात सुमारे १०० तास, किंवा आधीच्या दोन ते सहा महिन्यांत दरमहा सरासरी ८० तासांहून अधिक जादा काम झाले असल्यास, कामाचा आणि आजाराचा संबंध बळकट मानला जातो. ८० तासांच्या या मर्यादेला बोलीभाषेत 'करोशी रेषा' म्हणतात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर तास या रेषेच्या जवळपास असतील, तरी अनियमित पाळ्या, रात्रपाळी आणि दोन पाळ्यांमधील अपुरी विश्रांती यांचाही विचार केला जातो.

एका मोठ्या जाहिरात कंपनीतील २४ वर्षांच्या कर्मचाऱ्याने १९९१ मध्ये आत्महत्या केली. त्या प्रकरणात २००० मध्ये जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने मालकाची जबाबदारी मान्य केली. २०१५ मध्ये त्याच कंपनीतील २४ वर्षांच्या एका तरुणीनेही आत्महत्या केली आणि प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. या प्रकरणातून उद्भवलेल्या बेकायदा जादा कामाच्या खटल्यात २०१७ मध्ये कंपनीला ५ लाख येन दंड झाला. कंपनीच्या आकारमानाच्या मानाने ही रक्कम नाममात्र होती.

दरम्यान पीडित कुटुंबांच्या संघटनेने पाच लाखांहून अधिक सह्या गोळा केल्या होत्या. २०१४ मध्ये करोशी प्रतिबंधक कायदा झाला आणि नोव्हेंबर हा जनजागृतीचा महिना ठरला. मात्र या कायद्यात मालकांना शिक्षेची तरतूद नाही. जादा कामावर दंडासह मर्यादा २०१८ च्या कायद्याने आली: सर्वसाधारणपणे महिन्याला ४५ व वर्षाला ३६० तास, आणि अपवादात्मक स्थितीत वर्षाला ७२० तास. मात्र त्या अपवादातही एखाद्या महिन्यात शंभराच्या जवळपास तास चालतात, म्हणजे मर्यादा करोशी रेषेलाच टेकलेली आहे, अशी टीका झाली. मालवाहू वाहनचालक, बांधकाम कामगार आणि डॉक्टर यांना एप्रिल २०२४ पर्यंत सूट होती.

हृदय व मेंदूच्या विकारांनी झालेल्या मान्य मृत्यूंची वार्षिक संख्या अलीकडे शंभराच्या खाली आली आहे. कामामुळे झालेल्या मान्य मानसिक आजारांची संख्या मात्र वाढत जाऊन २०२४-२५ या वर्षात प्रथमच एक हजारावर गेली.

अन्य देश

दक्षिण कोरियात अशा मृत्यूला 'ग्वारोसा' आणि चीनमध्ये 'गुओलाओसी' म्हणतात. हे तिन्ही शब्द एकाच चिनी अक्षरसमूहाचे उच्चार आहेत. सकाळी ९ ते रात्री ९, आठवड्याचे ६ दिवस ही चिनी तंत्रज्ञान कंपन्यांतील '९९६' पद्धत तेथील सर्वोच्च लोकन्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये बेकायदा ठरवली.

भारत व महाराष्ट्र

भारतात कामाच्या तासांचा प्रश्न मुंबईच्या कापडगिरण्यांतून पुढे आला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांच्या सभा भरवून साप्ताहिक सुट्टीची मागणी लावून धरली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने अधिनियमाने प्रौढ कामगारांसाठी आठवड्याला ४८ व दिवसाला ९ तासांची मर्यादा घातली आणि जादा कामासाठी दुप्पट वेतन ठरवले.

करोशीसारखी स्वतंत्र कायदेशीर संज्ञा भारतात नाही. जुलै २०२४ मध्ये पुण्यातील एका लेखापरीक्षण संस्थेत नोकरीला लागून काही महिनेच झालेल्या २६ वर्षांच्या सनदी लेखापाल तरुणीचा मृत्यू झाला. कामाचा असह्य भार हे त्याचे कारण असल्याचे तिच्या आईने कंपनीला लिहिलेल्या पत्रात म्हटले. कंपनीने ते मान्य केले नाही. सप्टेंबरमध्ये हे पत्र सार्वजनिक झाल्यावर राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने स्वतःहून दखल घेतली. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने साप्ताहिक ४८ तासांची मर्यादा कायम ठेवून कारखान्यांतील दैनिक मर्यादा ९ वरून १२ तास, तर दुकाने व आस्थापनांतील ९ वरून १० तास करण्यास मान्यता दिली. कामगार संघटनांनी त्यास विरोध केला.