दोन मेनूकार्डे आणि लाल वाइन : पॅरिस, १८६७ व १८७०

१/ ७ जून १८६७. पॅरिसमधील 'कॅफे आंग्ले' या भोजनगृहात रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर, त्याचा युवराज, प्रशियाचा राजा पहिला विल्हेल्म आणि पंतप्रधान बिस्मार्क एका मेजाभोवती बसले. पुढे साडेतीन वर्षांच्या आतच विल्हेल्म आणि बिस्मार्क यांच्या फौजांनी याच शहराला वेढा घातला. त्या मेजवानीचे आणि वेढ्यातील एका भोजनाचे, अशी दोन मेनूकार्डे इतिहासाला ठाऊक आहेत. ती शेजारी ठेवून वाचण्याजोगी आहेत.

२/ निमित्त होते पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनाचे. युरोपातील राजेरजवाडे शहरात जमले होते. आदल्याच दिवशी, ६ जूनला, बेरेझोव्स्की नावाच्या पोलिश तरुणाने झारवर गोळी झाडली होती. नेम चुकला आणि झार बचावला. दुसऱ्या दिवशी मेजवानी ठरल्याप्रमाणे पार पडली.

३/ मुख्य आचारी होता आदोल्फ द्युग्लेरे. सोळा पदार्थ, आठ वाइन आणि सुमारे आठ तासांचे भोजन. लाल वाइनमध्ये बर्गंडीची शांबेर्तँ १८४६ आणि बोर्दोच्या तीन : शातो मार्गो १८४७, शातो लातूर १८४७, शातो लाफीत १८४८. यादीत १८१० ची एक मदेराही होती. जहाजातून भारतापर्यंत जाऊन परतलेली ही मदेरा समुद्रप्रवासातील उष्णतेने मुरते, म्हणून तिला विशेष मान असे.

४/ बोर्दोच्या याच तीन वाइन का? कारण १८५५ साली तिसऱ्या नेपोलियनच्या प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी लाल वाइनची पाच श्रेणींत प्रतवारी केली होती. पहिल्या श्रेणीत तेव्हा चारच नावे होती : लाफीत, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियाँ. प्रतवारीसाठी नव्याने चव घेतली गेली नाही. बाजारात वर्षानुवर्षे मिळणारा भाव हाच तिचा मुख्य आधार होता. पहिल्या श्रेणीतील चारांपैकी तीन नावे मेजावर मांडणे ही राजकीय आतिथ्याची भाषा होती.

५/ वीस वर्षे मुरलेली बोर्दो चाखण्याची एक रीत असते. बाटलीच्या तळाशी गाळ साचलेला असतो, म्हणून वाइन हळुवारपणे दुसऱ्या काचपात्रात निथळून घेतात. आधी रंग पाहायचा : कोवळ्या वाइनचा जांभळट लाल रंग वयानुसार विटकरी होत जातो. मग गंध : ताज्या फळांचा वास मागे पडून देवदाराचे लाकूड, तंबाखू, चामडे यांची आठवण देणारे गंध वर येतात. घोट सर्वांत शेवटी, आणि तोही तोंडभर फिरवून.

६/ त्या घोटात जाणवतो तो तुरटपणा. कच्ची सुपारी चघळल्यावर जीभ जशी आखडते, तसाच. द्राक्षाच्या साली आणि बिया यांतील टॅनिन लाळेतील प्रथिनांना चिकटते आणि तोंड कोरडे पडते. सोबत मांस असेल तर त्यातील प्रथिने आणि चरबी हा तुरटपणा सौम्य करतात. वाइनही मांसाचा स्निग्धपणा धुऊन काढते आणि पुढच्या घासासाठी जीभ मोकळी करते.

७/ म्हणूनच बोर्दोच्या लाल वाइनचे मेंढीच्या मांसाशी जुने सख्य आहे. १८६७ च्या मेनूकार्डावरही मेंढीच्या पाठीचे मांस आहे, सोबत पांढऱ्या घेवड्याचा मऊ लगदा. त्याशिवाय रुआँ पद्धतीचे बदक आणि लाव्यांचा गरम पाय हे पदार्थही आहेत.

८/ पदार्थागणिक वेगळी वाइन, ही कल्पना आज स्वाभाविक वाटते. पण तिला वाढण्याच्या पद्धतीची साथ लागते. जुन्या फ्रेंच पद्धतीत अनेक पदार्थ एकाच वेळी मेजावर मांडले जात. मग एका वाइनची जोडी एका पदार्थाशी कशी जुळावी? एकोणिसाव्या शतकात पदार्थ एकामागून एक, गरमागरम वाढण्याची 'रशियन पद्धत' पॅरिसमध्ये रुजली. तिचे श्रेय सहसा रशियन राजदूत कुराकिन याला दिले जाते. ब्रिया-सावारँ याने तर १८२५ मध्येच सौम्य वाइनकडून उग्र आणि सुगंधी वाइनकडे जाण्याचा क्रम सांगितला होता.

९/ जुलै १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांचे युद्ध पेटले. २ सप्टेंबरला सेदाँ येथे तिसरा नेपोलियन शत्रूच्या हाती पडला. १९ सप्टेंबरला पॅरिसचा वेढा पूर्ण झाला. गुरे संपली, मग घोडे कापले जाऊ लागले, पुढे कुत्री, मांजरे आणि उंदीर. चाऱ्याअभावी प्राणिसंग्रहालयातील जनावरेही खाटकांना विकली गेली. तळघरांतील वाइन मात्र शाबूत होती.

१०/ २५ डिसेंबर १८७०, वेढ्याचा ९९ वा दिवस. 'व्हुआझाँ' या भोजनगृहातील नाताळचे मेनूकार्ड : हत्तीच्या मांसाचे सूप, भाजलेला उंट, कांगारूचा रस्सा, लांडग्याची मांडी, उंदरांच्या साथीने मांजर. वाइनमध्ये मुताँ-रॉथशील्ड १८४६, रोमाने-काँती १८५८ आणि शातो पाल्मे १८६४.

११/ या यादीतील एक तपशील बारकाईने पाहावा. लांडग्याच्या मांडीसोबत जे सॉस दिले, ते हरणाच्या मांसासाठीचे होते. जनावर बदलले, पाकशास्त्राचा नियम बदलला नाही : रानटी मांसाला तसे सॉस आणि मेजावर मुरलेली लाल वाइन. उपासमारीतही सभ्यतेचा क्रम मोडू न देण्याची ही जिद्द होती.

१२/ पण ही जिद्द परवडणारे थोडेच होते. त्याच थंडीत सामान्य पॅरिसकर पावासाठी रांगा लावत होते. जानेवारी १८७१ मध्ये पावाचा शिधा माणशी दिवसाला ३०० ग्रॅमवर आला, आणि त्या काळ्या पावात गव्हाखेरीज बरेच काही मिसळलेले असे. व्हुआझाँच्या मेनूकार्डाकडे केवळ गंमत म्हणून पाहताना ही रांग नजरेआड होते.

१३/ १८ जानेवारी १८७१ रोजी, वेढा चालू असतानाच, व्हर्सायच्या आरसेमहालात विल्हेल्म जर्मन सम्राट म्हणून घोषित झाला. दहा दिवसांनी युद्धबंदी झाली. १८६७ ची मेजवानी आज 'तीन सम्राटांचे भोजन' म्हणून ओळखली जाते. पण त्या रात्री मेजावर सम्राट एकच होता, झार. युवराजाला मुकुट १८८१ मध्ये मिळाला. विल्हेल्मला तो मिळाला, तेव्हा यजमान शहर उपाशी होते.

१४/ कॅफे आंग्ले १९१३ मध्ये बंद पडले. त्या रात्रीचे मेज पॅरिसमधील 'तूर दार्जां' या भोजनगृहाने जपून ठेवले आहे. मेनूकार्ड हाही इतिहासाचा दस्तऐवज असतो. त्यातील पदार्थ आणि बाटल्यांवरील साले वाचावीत. आणि त्या दिवशी मेजाबाहेर कोण उभे होते, हेही विचारावे.