खरारा : एक अलिखित विद्या

कोरीट हे नंदुरबार जिल्ह्यातील गाव. याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यात, तापीच्या काठी सारंगखेडा वसले आहे आणि तेथील दत्तजयंतीच्या यात्रेतला घोडेबाजार देशभर ख्यात आहे. तेथे घोड्याची किंमत ठरते ती चालीवर, उंचीवर, रंगावर, अंगावरच्या भोवऱ्यांवर. पण प्रथम नजरेत भरते ती त्याची तुकतुकीत कांती. ती कांती ज्या हातांनी आणली त्यांच्याकडे गिऱ्हाईक पाहत नाही. इतिहासानेही पाहिले नाही, अशी आमची तक्रार आहे.

‘खरारा’ हा मराठी शब्द साधनाचाही आणि कामाचाही. मोतद्दार लोखंडी दात्यांच्या खराऱ्याने वाळलेला घाम आणि माती मोकळी करी, मग फडक्याने व उघड्या तळव्याने अंग चोळी. यात स्वच्छता किती आणि मालिश किती, हे वेगळे काढता येत नाही. बखरींत स्वाराचे नाव येते, प्रसंगी घोड्याचेही. मोतद्दाराचे मात्र क्वचितच.

संस्कृत ग्रंथांकडे वळावे तर शालिहोत्राच्या नावाने चालत आलेली मोठी परंपरा आहे. नकुलाच्या नावावर ‘अश्वचिकित्सित’ आहे, जयदत्ताचे ‘अश्ववैद्यक’ आहे. आम्हांला अधिक बोलके वाटते ते कौटिलीय अर्थशास्त्रातील अश्वाध्यक्षाचे प्रकरण. घोड्यांना दिवसातून दोनदा स्नान, गंध आणि माळा द्याव्यात असे तेथे सांगितले आहे. शरीर रोडावते की वाढते यावर वैद्याने लक्ष ठेवावे, ऋतुमानाप्रमाणे आहार बदलावा, हेही आहे. सेवकांच्या यादीत घोडे बांधणारा, वैरण घालणारा, खाद्य शिजवणारा यांच्यासोबत केस राखणारा ‘केशकार’ येतो. आणि लगेच नियम येतो, की कामात चूक झाल्यास दिवसाचे वेतन कापावे. त्या हाताचे कौशल्य ग्रंथकाराने नोंदवले नाही, दंड तेवढा नोंदवला.

शब्दांचे नशीब पाहा. अंग दाबणे या अर्थाचे हिंदी ‘चांपना’ अठराव्या शतकात इंग्रजीत ‘शॅम्पू’ होऊन गेले. तेथेही आरंभी त्याचा अर्थ अंगमर्दन असाच होता. केस धुण्याचा अर्थ एकोणिसाव्या शतकातला. आज तो शब्द बाटलीत भरून आपल्याकडे परत आला आहे, आणि ‘अश्व-मालिश’ ही पाश्चात्त्य उपचारपद्धती म्हणून आपण नव्याने शिकतो आहोत.

तिच्या लाभांविषयी मात्र भाबडेपणा नको. घोडे परस्परांची मान दातांनी खाजवतात, हे पाहून फ्रान्समधील कामार्ग येथील घोड्यांवर प्रयोग झाला. मान जिथे पाठीला मिळते तिथे माणसाने खाजवले असता हृदयाचे ठोके मंदावतात, असे १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आढळले. २००४ मधील एका इंग्रजी अभ्यासात शरीराच्या सहा जागी मालिश करून पाहिले. ठोके सर्वच जागी उतरले, पण घोड्याच्या आवडत्या जागी अधिक. म्हणजे ताण हलका होतो, हे बऱ्यापैकी धरून चालता येते. मालिशने अंगातील विषे निघून जातात, हा दावा मात्र आम्ही बाजूला ठेवतो. लंगडणाऱ्या घोड्याला आधी पशुवैद्यच हवा. आमच्या मते खरा लाभ निराळाच आहे: रोज फिरणाऱ्या तळव्याला सूज, ऊब, खोगिराने धरलेला घट्टा डोळ्यांआधी कळतो.

हे कळणे कोणत्या शब्दांत सांगितले जाते? सारंगखेड्याला जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी छायाचित्रे अवश्य काढावीत. पण घोड्याशेजारी वाकून पाय चोळणाऱ्या माणसालाही विचारावे, की या चोळण्याला काय म्हणतात, हात कोणत्या दिशेने जातो, घोडा कुठे ओठ लांबवतो. उत्तर अहिराणीत येईल, गुजरीत येईल, भिलीत येईल. ते जसेच्या तसे, सांगणाऱ्याच्या उच्चारासह, वहीत उतरवून आणावे.